देवळाचा जीर्णोद्धार आणि तुकोबांची गाणी

गावोगावी देवळांचे जीर्णोद्धार होतात. कुठे शिखराला भेगा पडलेल्या असतात, कुठे सभामंडपाच्या तुळयांना वाळवी लागलेली असते, कुठे गाभारा पावसात गळत असतो. ग्रामस्थ एकत्र बसतात, वर्गणी गोळा होते, दाते पुढे येतात, गवंडी-सुतार कामाला लागतात आणि एके दिवशी वाजतगाजत कलश चढतो. असेच एक काम सुमारे चारशे वर्षांपूर्वी पुणे प्रांतातील देहू गावी एका तरुणाने हाती घेतले होते. त्याचा व्यापार बुडालेला होता, घरातली माणसे दुष्काळात गेलेली होती आणि पदरी पैसा नव्हता. इंद्रायणीकाठचे आपल्या पूर्वजांचे विठ्ठलाचे मोडके देऊळ दुरुस्त करावे एवढेच त्याच्या मनाने घेतले. तो तरुण म्हणजे पुढे अवघ्या महाराष्ट्राने ज्यांना जगद्गुरू म्हटले ते श्रीसंत तुकाराम महाराज. त्यांच्या अभंगवाणीचा उगम शोधत गेले, तर वाट त्या मोडक्या देवळाच्या दारातूनच जाते.

तुकोबांचा जन्म इ.स. १६०८ चा मानला जातो. घराणे मोऱ्यांचे, जात कुणबी, व्यवसाय वाण्याचा. गावच्या बाजारपेठेची महाजनकी घराकडे होती, सावकारीही होती. घरात पंढरीच्या वारीची परंपरा पिढ्यान् पिढ्या चालत आलेली. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा यांनी देहूस विठ्ठल-रखुमाईची स्थापना केली, असे परंपरा सांगते. वडील बोल्होबा आणि आई कनकाई यांना तीन मुलगे. थोरले सावजी, मधले तुकाराम आणि धाकटे कान्होबा. सावजी वृत्तीने विरक्त, त्यामुळे दुकानाचा व व्यवहाराचा भार तुकोबांवर लहानपणीच आला. पहिली पत्नी रखमाबाई दम्याने आजारी असत, म्हणून पुण्याच्या गुळवे यांच्या घरची जिजाबाई ही दुसरी पत्नी करून दिली. घर भरलेले होते, गोठ्यात जनावरे होती, गावात मान होता.

पुढे दिवस फिरले. आईवडील पाठोपाठ गेले. सावजींची पत्नी वारली आणि ते तीर्थयात्रेला निघून गेले. त्यातच इ.स. १६३०-३१ चा भयंकर दुष्काळ पडला. हा दुष्काळ गुजरातपासून दख्खनपर्यंत पसरला होता आणि इतिहासात त्याची नोंद आहे. माणसे अन्नाविना रस्त्यांत पडली, जनावरे गेली, गावे ओस पडली. तुकोबांचे दुकान बसले, पत गेली. रखमाबाई अन्न अन्न करीत गेल्या, पाठोपाठ मुलगाही गेला. या दुःखाची आणि लाजेची हकीकत तुकोबांनी पुढे स्वतःच एका अभंगात सांगितली आहे. संतांच्या विनंतीवरून आपण हे सांगत आहोत, एरवी ते सांगण्याजोगे नाही, अशा संकोचाने ते बोलतात. एका कर्त्या पुरुषाने आपली फजिती इतक्या साध्या शब्दांत चारचौघांत मांडावी, याला फार मोठे धैर्य लागते.

मन उदास झाले तेव्हा तुकोबा देहूजवळच्या भामनाथाच्या डोंगरावर जाऊन बसले. धाकटे कान्होबा त्यांना शोधत तेथे गेले. परत येताना इंद्रायणीच्या काठी तुकोबांनी सावकारीची खतपत्रे मागवून घेतली. निम्मी कान्होबांना दिली, कारण त्यांचा संसार पुढे चालायचा होता. आपल्या वाट्याची निम्मी त्यांनी नदीच्या डोहात सोडून दिली. दुष्काळाने गांजलेल्या किती कुळांचे कर्ज त्या दिवशी वाहून गेले असेल, याची गणती नाही. इंद्रायणीत कागद बुडाले ते हे पहिल्यांदा.

त्यानंतर त्यांनी देवळाचे काम हाती घेतले. चरित्रकार महिपतीबुवा सांगतात, की मजूर लावायला पैसे नव्हते म्हणून तुकोबांनी स्वतःच माती कालवली आणि भिंती घातल्या. लोकांनी वेड्यात काढले असेल. घर सावरायचे सोडून हा देऊळ कसले सावरतो, असेही म्हटले असेल. परंतु देऊळ उभे राहिले आणि एकादशीला तेथे कीर्तन होऊ लागले.

पुढचा भाग प्रत्येक गावच्या भजनी मंडळाने ध्यानात ठेवण्यासारखा आहे. ज्यांच्या अभंगांवाचून आज कोणतेही कीर्तन उभे राहत नाही, ते तुकोबा आरंभी कीर्तनकार म्हणून उभे राहिले नाहीत. सुरुवातीला आपले मन अभ्यासात लागत नव्हते, हेही त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. पूर्वीच्या संतांची वचने त्यांनी विश्वासाने व आदराने पाठ केली. ज्ञानेश्वर, नामदेव, एकनाथ यांची वाणी जिभेवर घोळवली. दुसरे कोणी पुढे उभे राहून गात, तेव्हा हे मागे उभे राहून धृपद धरीत. आज सप्ताहात मागच्या रांगेत टाळ घेऊन उभा राहणारा, चाल पुरती न येणारा, पण मनापासून साथ करणारा जो गडी असतो, त्याच्या जागी एके काळी तुकोबा उभे होते.

दुसऱ्याचे गाणे मनापासून गाता गाता एक दिवस आपले गाणे आले. माघ शुद्ध दशमीला बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात गुरूपदेश दिला, असे तुकोबांनी सांगितले आहे. आणखी एका स्वप्नात नामदेवराय पांडुरंगाला बरोबर घेऊन आले आणि कवित्व करण्याची आज्ञा करून गेले. नामदेवांचा अपुरा राहिलेला संकल्प पुरा करावयाचा होता. तुकोबांनी आपले कवित्व आपल्या बुद्धीची करामत मानले नाही. जुन्या संतांचे राहिलेले काम आपल्याकडे आले आहे, असे मानून त्यांनी ते केले. पूर्वजांचे देऊळ दुरुस्त करणे आणि पूर्वीच्या संतांचे गाणे पुढे नेणे ही त्यांच्या लेखी एकाच जातीची सेवा होती.

अभंग हा रचनाप्रकार तुकोबांच्या आधीपासून चालत आलेला. जात्यावर बसलेल्या आयाबहिणींच्या ओवीशी त्याचे जवळचे नाते आहे. चरण लहान, यमक सोपे, शेवटी कर्त्याची नाममुद्रा. ऐकणाऱ्याला ते दोनदा ऐकल्यावर पाठ व्हावे, अशीच त्याची घडण असते. तुकोबांनी त्यात आपल्या भोवतालचे सगळे गाव आणले. वाण्याची तागडी आणली, कुणब्याची पेरणी आणली, माहेरच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली सासुरवाशीण आणली. विटीदांडू, हुतुतू, फुगडी, हमामा हे खेळसुद्धा त्यांच्या अभंगांत आहेत. ढोंगी बुवांवर ते कडाडून बोलले, आणि स्वतःच्या दोषांवर त्याहूनही अधिक. देवाशी ते लेकराने आईशी भांडावे तसे भांडले. म्हणून ऐकणाऱ्याला वाटे, की हे तर आपल्याच मनातले आहे. आपल्याला बोलता आले नाही, तुकोबा बोलले. गाण्याकडून गरीब माणसाला याहून मोठे काय हवे असते? दुःख सगळ्यांनाच असते, त्याला शब्द सापडणे दुर्मीळ.

या गाण्यांची किंमत घरच्या माणसांनी मोजली, हेही विसरता कामा नये. तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर एकांतात बसत. भाकरी घेऊन जिजाबाई तो डोंगर चढत, असे सांगतात. पुष्कळ कथांतून त्यांना भांडखोर म्हणून रंगवले जाते. पण घरात दाणा नाही, पदरी मुले, आणि आलेली वस्तू पतीने वाटेतच कोणाला देऊन टाकलेली, अशा स्थितीत संसार ओढणाऱ्या बाईचा संताप समजून घेतला पाहिजे. तुकोबांच्या अभंगांच्या पाठीमागे जिजाबाईंच्या भाकरीचा आधार आहे.

तुकोबांची कीर्तने देहूत, लोहगावात आणि आसपास होऊ लागली. ऐकायला सगळ्या जातींची माणसे येत. त्यांच्या चौदा टाळकऱ्यांची परंपरा सांगतात, त्यांत तेली, माळी, कासार, वाणी, कुलकर्णी असे सगळे होते. चाकणचे संताजी जगनाडे हे तेली समाजाचे. त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकून लिहून ठेवले. कडूसचे गंगाराम मवाळ हेही असेच लिहून घेणारे. जिच्या-त्याच्या तोंडी ही गाणी झाली आणि तेथेच विरोधाला सुरुवात झाली. वेदांचा अर्थ शूद्राने मराठीत सांगावा, आणि लोकांनी तो मान डोलावून ऐकावा, हे काहींना सहन झाले नाही. वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे विद्वान ब्राह्मण. या वह्या पाण्यात बुडवाव्यात असा निर्णय त्यांच्याकडून झाला. तुकोबांनी तो मानला. आपल्याच हातांनी, आपल्याच अभंगांच्या वह्या त्यांनी इंद्रायणीत सोडल्या. इंद्रायणीत कागद बुडाले ते हे दुसऱ्यांदा.

पहिल्या वेळी कर्जाची खते बुडाली, तेव्हा तुकोबांचे मन हलके झाले होते. या वेळी मात्र ते विदीर्ण झाले. वर्षानुवर्षांची वाणी गेली, शिवाय आपण ज्याला देवाची आज्ञा समजलो ती खरी होती की भ्रम होता, हा प्रश्न पुढे उभा राहिला. त्यांनी नदीकाठी देवापुढे धरणे धरले. अन्न नाही, पाणी नाही. तेरा दिवस गेले. मग वह्या पाण्यावर आल्या, त्यांना ओलही लागली नव्हती, असे वारकरी श्रद्धेने सांगतात. तुकोबांच्या हयातीतच देहूस येऊन राहिलेल्या संत बहिणाबाई यांच्या अभंगांतही या तेरा दिवसांचा उल्लेख आहे. नारायणाने आपले समाधान केले, असे स्वतः तुकोबांनीही म्हटले आहे.

काही अभ्यासक या घटनेचा असाही अर्थ लावतात, की वह्या बुडाल्या तरी अभंग बुडणे शक्य नव्हते, कारण ते लोकांना पाठ झालेले होते. पेरणी करणाऱ्याच्या, दळणाऱ्या बाईच्या, वारीच्या वाटेवरच्या टाळकऱ्याच्या ओठांवर ते होते. भाविकाने म्हणावे, इंद्रायणीमाईने वह्या परत दिल्या. अभ्यासकाने म्हणावे, जनतेने त्या परत दिल्या. दोघांच्या सांगण्यात फार अंतर नाही. जनता जनार्दन असे वारकरी म्हणतोच. कागद एकाच्या मालकीचा असतो, तो काढून घेता येतो. गाणे ज्याने ज्याने गायले त्या प्रत्येकाचे होते, आणि इतक्या सगळ्यांकडून ते काढून घेणे कोणालाही जमत नाही.

आणि या गाण्याचा पराक्रम एवढ्यावर थांबला नाही. ज्या रामेश्वरभट्टांनी वह्या बुडवायला लावल्या, तेच पुढे तुकोबांना शरण आले. कीर्तनाच्या शेवटी उभे राहून गावोगावी तुकोबांची जी आरती म्हटली जाते, ती या रामेश्वरभट्टांचीच रचना आहे. विरोधकाने हार मानावी हे जगात घडते. पण त्याने स्वतः गाणे रचावे आणि ते चारशे वर्षे लोकांनी गात राहावे, असे क्वचितच घडते. तुकोबांनीही मनात अढी ठेवली नाही. ज्याने आपले शब्द बुडवले, त्याच्या शब्दांना आपल्या कीर्तनात जागा मिळाली.

गाणे किती दूर जाते याचे उदाहरण म्हणजे वर उल्लेख आलेल्या शिऊरच्या बहिणाबाई. त्या ब्राह्मण कुळातल्या. कोल्हापूरला जयरामस्वामींच्या कीर्तनात त्यांनी तुकोबांचे अभंग ऐकले. तुकोबांना पाहिलेले नव्हते, देहू कधी दृष्टीस पडले नव्हते. नुसत्या ऐकलेल्या अभंगांनी त्या तळमळू लागल्या आणि स्वप्नात त्यांना तुकोबांचा उपदेश झाला. शूद्राला गुरू केले म्हणून पतीचा छळ सोसावा लागला, तरी निश्चय ढळला नाही. पुढे पतीचे मनही पालटले आणि ते कुटुंब देहूस आले. आपली ही सगळी कहाणी बहिणाबाईंनी स्वतःच्या अभंगांत सांगून ठेवली आहे. ऐकलेल्या गाण्यातून गाणारी दुसरी कवयित्री जन्माला आली. पिंपळनेरचे निळोबाराय हे तर तुकोबांच्या पश्चात झाले. त्यांनाही गुरू मिळाले ते तुकोबाच, आणि तेही स्वप्नदृष्टांताने. त्यांचे अभंगही आज वारकरी भजनात आहेत.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे इ.स. १६५० साली, तुकोबांचे वैकुंठगमन झाले. तो दिवस तुकाराम बीज म्हणून देहूस व गावोगावी पाळला जातो. वय अवघे बेचाळीसच्या आसपास. मागे धन नव्हते, वाडा नव्हता. धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी इ.स. १६८५ च्या सुमारास ज्ञानोबा व तुकोबा यांच्या पादुका एकाच पालखीत ठेवून पंढरीस नेण्याची प्रथा सुरू केली. पुढे आळंदीचा सोहळा वेगळा निघू लागला. देहूची पालखी ज्येष्ठ वद्य सप्तमीला निघते आणि आषाढी एकादशीसाठी पंढरपूर गाठते. वाटेवर लाखो माणसे जे गात जातात, ते बहुतांशी पुस्तकात पाहून गात नाहीत.

पुस्तकाचे कामही पुढे झालेच. मुंबई सरकारने चोवीस हजार रुपये खर्चाला दिले आणि विष्णु परशुराम शास्त्री पंडित यांनी शंकर पांडुरंग पंडित यांच्या साहाय्याने देहू, तळेगाव, कडूस, पंढरपूर येथील जुन्या हस्तलिखितांवरून गाथा तयार केली. ती दोन भागांत १८६९ आणि १८७३ मध्ये मुंबईच्या इंदुप्रकाश छापखान्यातून बाहेर पडली. तीत साडेचार हजारांवर अभंग आहेत. एकदा बुडवायला लावलेल्या वह्या आता सरकारी खर्चाने छापल्या गेल्या. तोपर्यंतची दोनशे वर्षे ही वाणी हस्तलिखित वह्यांच्या आणि त्याहून अधिक भजनकऱ्यांच्या आधारावर तगून होती.

१९३६ साली प्रभात फिल्म कंपनीने दामले-फत्तेलाल यांच्या दिग्दर्शनाखाली 'संत तुकाराम' हा चित्रपट काढला. विष्णुपंत पागनीस तुकोबा झाले होते. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात या चित्रपटाचा गौरव झाला. या चित्रपटासाठी शांताराम आठवले यांनी एक अभंग नव्याने लिहिला. तो इतका तुकोबांच्या वळणाचा उतरला, की तो गाथेतलाच आहे असे अनेकांना वाटत राहिले. तुकोबा नामदेवांच्या मागे उभे राहून गायले, तसे पुढचे कवी तुकोबांच्या मागे उभे राहून गात आहेत.

देहूचे देऊळ तुकोबांनी दुरुस्त केले त्यानंतर तेथे अनेक कामे झाली, रूप बदलले. दगडाचे हे असेच असते. ऊन-पाऊस लागतो, चुना सुटतो आणि प्रत्येक दोन-तीन पिढ्यांनी कोणाला तरी पदर खोचून उभे राहावे लागते. गाण्याचेही तसेच आहे. तेही न गायल्यास झिजते. फरक इतकाच, की देवळाच्या दुरुस्तीला वर्गणी लागते आणि गाण्याच्या दुरुस्तीला फक्त गळा लागतो. देहूस इंद्रायणीकाठी आता गाथा मंदिर उभे आहे. त्याच्या संगमरवरी भिंतींवर तुकोबांचे अभंग कोरलेले आहेत. एके काळी पाण्यात सोडलेली अक्षरे आज दगडावर आहेत, ही गोष्ट पाहणाऱ्याचा ऊर भरून आणते. पण त्या भिंतीपुढे उभी राहिलेली म्हातारी, जिला अक्षर ओळखता येत नाही, तीसुद्धा हात जोडून तोच अभंग तोंडपाठ म्हणते, तेव्हा तुकोबांचे खरे मंदिर कोठे आहे ते कळते.

जीर्णोद्धार झालेल्या देवळाचा कळस लांबून दिसतो. दात्यांची नावे फळ्यावर लागतात आणि ती लागलीच पाहिजेत, कारण त्यांच्या कष्टाच्या पैशातून हे काम उभे राहते. मात्र कलश चढला म्हणजे काम संपत नाही. पहाटेच्या काकड्याला कोणी उठले पाहिजे, एकादशीला वीणा कोणाच्या तरी गळ्यात पडली पाहिजे, हरिपाठाला शाळेतली पोरे येऊन बसली पाहिजेत. ज्याला गाता येत नाही त्याने मागे उभे राहून धृपद धरावे. तुकोबांनी आरंभ तेथूनच केला होता. ज्या देवळात संध्याकाळी टाळ वाजतो आणि चार माणसे एका सुरात गातात, ते देऊळ साधे मातीचे असले तरी नांदते असते. श्रीविठ्ठलकृपेने असा टाळ गावोगावच्या देवळांत अखंड वाजत राहो, हीच श्रीसंत तुकाराम महाराजांच्या चरणी प्रार्थना.